रिपोर्ट चांगला आला, त्या दिवसापासून झोप नाही

अबोली_सातारा
१२ ऑगस्ट, रात्री ११.५२

नमस्कार. इथे बऱ्याच वर्षांपासून नुसती वाचक आहे. पाककृती आणि भटकंती सोडून कुठे प्रतिसादही दिलेला नाही. आज लिहितेय, कारण घरात हे बोलायची सोय उरलेली नाही.

वय ४७, सहकारी बँकेत नोकरी. गेल्या वर्षी फेब्रुवारीत आंघोळ करताना उजव्या बाजूला गाठ हाताला लागली. स्तनांचा कॅन्सर, दुसरी स्टेज, हार्मोन पॉझिटिव्ह. आधी ऑपरेशन, मग आठ केमो, मग पंधरा वेळा लाईट (रेडिएशन). सगळं पुण्यात. आता रोज रात्री टॅमॉक्सिफेनची एक गोळी. ती पाच वर्षं तरी घ्यायची, कदाचित दहा.

गंमत अशी की केमोच्या काळात मी रडले नाही. खरंच नाही. फाईल होती, तारखा होत्या, तिसऱ्या दिवशी उलट्या आणि दहाव्या दिवशी रक्तातल्या पेशींचा काउंट खाली, हे ठरलेलं होतं. बँकेतल्या मैत्रिणी वाटून घेऊन डबे पाठवत होत्या. सिस्टर नावाने ओळखायच्या. शेवटच्या लाईटला तिथल्या सगळ्यांना कंदी पेढे वाटले. घरी आल्यावर सत्यनारायण झाला. जो तो येऊन म्हणत होता, सुटलीस बाई एकदाची.

त्याच रात्री दोन वाजता जाग आली ती आजतागायत येते. पाठ दुखली की हाडात गेलं. डोकं दुखलं की मेंदूत. खोकला आला की श्वास मोजत बसते. दिवसा बँकेत कॅश टॅली करते, हसते, लोक म्हणतात केस काय मस्त कुरळे आलेत, पार्लरला गेलीस का? (केमोनंतर आलेत ते. आधी माझे सरळ होते.)

यांना एकदा सांगितलं. म्हणाले, रिपोर्ट चांगला आहे ना, मग आता विसर. वाईट माणूस नाही. आठही केमोंना रजा टाकून सोबत बसला होता. म्हणून पुन्हा सांगवत नाही.

दोन गोष्टी कुणालाच सांगितलेल्या नाहीत, त्या इथे लिहिते.

पहिली. मी दर महिन्याला गुपचूप सीए १५-३ या कॅन्सरच्या मार्करची रक्ततपासणी करून घेते. डॉक्टरांनी सांगितलेली नाही. लॅबचा मुलगा बँकेच्या मागच्या जिन्यात येऊन रक्त घेऊन जातो. हजारभर रुपये जातात. पहिल्यांदा २२ आलं, मग २४, परवा २७. लॅबच्या कागदावर मर्यादा ३० लिहिली आहे. पण वाढतंय ना?

दुसरी. यंदा लोणचं घातलं नाही. कैऱ्या आणल्या होत्या, फोडी करून घेतल्या, मसाला तयार होता. आणि हात थांबला. वर्षाचं लोणचं घालायचं म्हणजे वर्ष धरून चालायचं. फोडी शेजारी देऊन टाकल्या. सासूबाईंना म्हटलं, हात दुखतोय. मुलीच्या क्लासची दोन वर्षांची फी मात्र एकरकमी भरून टाकली. आणि स्वतःसाठी चपला घ्यायच्या तर वाटतं, कशाला, आहेत त्या पुरतील.

कुणाचं असं झालंय का? किती दिवस चालतं? हात जोडून विनंती, 'पॉझिटिव्ह राहा' एवढं लिहू नका.

---

मीठभाकर
१३ ऑगस्ट, सकाळी ७.१५

वाचून बराच वेळ नुसता बसलो होतो. मी तुमच्या 'यां'च्या जागेवरचा माणूस. बायकोचा ओव्हरीचा, चार वर्षं झाली. सविस्तर रात्री लिहितो, आता लोकल पकडायची आहे.

---

चिनूची_आई
१३ ऑगस्ट, सकाळी ९.४०

अबोली, लोणच्याचं वाचलं आणि अंगावर काटा आला. मी मुलाच्या शाळेचा गणवेश सलग तीन वर्षं अंगाबरोबर शिवला. सगळ्या आया वाढत्या अंगाचा घेतात.

त्याला सहाव्या वर्षी ल्युकेमिया झाला. त्या ट्रीटमेंटला अडीच-तीन वर्षं लागतात, शेवटची दीड-दोन तर नुसत्या गोळ्या आणि दर काही दिवसांनी काउंट. त्या काळात ताप म्हणजे रात्री तीनलाही बॅग उचलून हॉस्पिटल. आता तो सोळाचा आहे, दाढी फुटतेय. आणि मी अजून रात्री उठून कपाळाला हात लावते. मागच्या महिन्यात अंधारात आवाज आला, "आई, ताप नाहीये. झोप."

त्याला वाटतं मी झोपेत असते तेव्हा करते. मी सांगितलं नाही की मी झोपलेलीच नसते.

---

सकारात्मक_सूर्य
१३ ऑगस्ट, सकाळी १०.०५

ताई, राग मानू नका पण आजाराचं मूळ मनात असतं. दाबून ठेवलेल्या भावना पेशींमध्ये साठतात. तुम्ही सतत भीतीचे विचार कराल तर शरीर तेच खरं करून दाखवेल. ब्रह्मांडाला जे द्याल तेच परत येतं. सकाळी अनशापोटी गव्हांकुराचा रस आणि गुळवेल सुरू करा. [टॅमॉक्सिफेनच्या गोळीविषयीचं वाक्य आणि व्यनिचं (खासगी निरोपाचं) आमंत्रण इथून काढलं आहे. - संपादक]

---

निवडुंग
१३ ऑगस्ट, सकाळी १०.११

तिने हात जोडून विनंती केली होती. पाचव्या प्रतिसादाच्या आत तुम्ही आलातच.

---

वऱ्हाडी_ठेचा
१३ ऑगस्ट, दुपारी १.३०

सूर्यभाऊ, गोळी कमी करा असं पुन्हा लिहू नका. बाकी रस तुम्ही प्या, कोणी अडवत नाही.

ताई, मी अकोल्याकडचा. कृषी केंद्र आहे. डाव्या गालाचा झाला, २०२१ मध्ये. वीस वर्षं खर्रा खाल्ला, त्याची पावती. मुंबईला टाटात ऑपरेशन झालं. जबड्याचं हाड काढलं, पायाचं हाड आणि कातडी आणून तिथं बसवली. नंतर तीस लाईट आणि आठवड्याला एक केमो. तेवढे दिवस आम्ही नवरा-बायको दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत होतो. सांगू का, तिथं मी सुखात होतो. नाकात नळी नसलेला माणूसच तिथं वेगळा दिसे. संध्याकाळी सगळे व्हरांड्यात बसायचे, कोणाचं नाक नाही, कोणाचा डोळा नाही, आणि गप्पा पऱ्हाटीच्या भावाच्या.

घरी आलो आणि माणसं पाहू लागली. आजार झाल्यावर नाही, बरा झाल्यावर तोंड लपवलं मी.

बोलतो ते नवख्याला समजत नाही. दुकानात फोन आला की पुतण्याकडे देतो. पाणी पिताना कोपऱ्यातून गळते. लग्नाला जातो, आहेर देतो, फोटोत उभा राहतो आणि पंगत बसायच्या आत गाडीला किक मारतो. घरी येऊन वरण-भात मिक्सरमधून काढून खातो. लोक धीर द्यायला म्हणतात, पवारसाहेबांचं तोंडाचं ऑपरेशन २००४ सालचं, ते पाहा अजून सभा घेतात. अरे बाप्पा, ते पवारसाहेब आहेत. त्यांचं बोलणं समजून घ्यायला पूर्ण महाराष्ट्र बसला आहे. माझं बोलणं समजून घ्यायला एक बायको आणि एक पुतण्या.

आणि वरून एक वाक्य असते. 'स्वतःच्या हातानं आणलं.' आणलंच. नाकारत नाही. पण गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, अन् माझ्या दुकानासमोरच्या पानठेल्याला हे अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही. रोज सकाळी शटर उघडलं की खर्रा घोटायचा आवाज येतो. ताई, तुमची दोन वाजताची जाग आहे तशी माझी ही साडेनऊची.

एक कामाची गोष्ट. दीड वर्षानं मी असा झालो की शटर उघडायचीच इच्छा होईना. अंग जड, थंडी वाजे, रडू येई. बायको म्हणे मनाचं आहे, मलेही तेच वाटलं. फॉलोअपला डॉक्टरांनी टीएसएच करायला लावली. थायरॉईड बसलं होतं. मानेला लाईट दिली की पुढं काही जणांचं बसते म्हणे. गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत अर्धं दुःख गेलं. उरलेलं अर्धं खरं होतं, ते आहे अजून.

---

अबोली_सातारा
१३ ऑगस्ट, रात्री ९.२०

ठेचाभाऊ, वरण-भाताशी आले आणि फोन उलटा ठेवला. मग परत वाचलं.

चिनूची आई, वाढत्या अंगाचा गणवेश. हो. तेच ते.

सूर्य, तुमचं वाचून पहिल्यांदा मनात काय आलं सांगते. आलं की म्हणजे हेही माझ्याच चुकीने झालं आणि परत आलं तर तेही माझ्याच चुकीने. आज रात्री दोनला जाग येईल, तेव्हा घाबरले म्हणून आणखी घाबरेन. हे तुम्ही मला दिलंत.

---

मनकवडा
१३ ऑगस्ट, रात्री १०.४५

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. इथून कुणावर उपचार करत नाही, पण काही गोष्टी सांगायला हरकत नाही.

आधी सूर्य यांच्यासाठी. मनात वाईट विचार आले म्हणून कॅन्सर झाला किंवा परतला, हे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. या एका समजुतीने माझ्या दवाखान्यात जेवढी माणसं रडवली आहेत तेवढी केमोने नसतील. मनासाठी काही करायचंच असेल, तर टाटा मेमोरियलने स्तनांच्या कॅन्सरच्या रुग्णांवर योगाची मोठी चाचणी केली, २०२२ साली अमेरिकेत सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडली आणि निष्कर्ष चांगले होते. पण तो योग उपचारांच्या सोबत होता, गोळी बंद करून नाही. 'हळूहळू कमी करता येईल' हे वाक्य संपादकांनी उडवावं, अशी विनंती.

अबोली, तुम्हाला एकच विचारतो. रक्ताचा रिपोर्ट मर्यादेत आला की किती दिवस बरं वाटतं?

---

अबोली_सातारा
१३ ऑगस्ट, रात्री ११.३०

पहिल्यांदा वीस-बावीस दिवस वाटलं. त्यानंतर आठवडा. परवाचा आल्यावर दुपारपर्यंत.

---

मनकवडा
१४ ऑगस्ट, सकाळी ८.००

हेच होतं. खाज सुटली की खाजवायचं, तेवढ्यापुरतं बरं, मग दुप्पट. तपासणी भीती कमी करत नाही, तिची सवय लावते.

सुरुवातीच्या टप्प्यातल्या स्तनांच्या कॅन्सरनंतर काही लक्षण नसेल तर मार्कर आणि पेट स्कॅन ठरावीक काळाने करत राहा, असं जगभरातल्या प्रमुख मार्गदर्शक सूचनांत सांगितलेलं नाही. ठरल्या वेळी डॉक्टरांची तपासणी आणि वर्षातून एकदा मॅमोग्राम, एवढंच. कारण हा आकडा दुसऱ्या कारणांनीही हलतो, आणि मर्यादेतल्या मर्यादेत तर हलतोच. पण हे माझ्याकडून ऐकून पुरणार नाही. तिन्ही कागद फाईलला लावा आणि पुढच्या फॉलोअपला तुमच्या डॉक्टरांसमोर ठेवा. लपवलंत याबद्दल ते रागावणार नाहीत. तुम्ही पहिल्या नाही.

दुखण्यांचं म्हणाल, तर आम्ही ढोबळ मानाने असं सांगतो: नवीन दुखणं, नेहमीच्या कारणाशी न जुळणारं, दोन-तीन आठवडे टिकलेलं किंवा वाढत जाणारं असेल तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. धुण्याची बादली उचलल्यावर दुखलेली पाठ दोन दिवस थांबू शकते. नवीन गाठ किंवा दम लागणं मात्र लगेच.

आणि एक फार महत्त्वाचं. उद्या तुम्ही झोपेसाठी किंवा नैराश्यासाठी कुठे औषध घेतलंत तर टॅमॉक्सिफेन चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. ही गोळी यकृतात गेल्यावर तिथलं एक एन्झाइम तिचं खरं काम करणारं रूप तयार करतं. पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन ही नेहमी दिली जाणारी दोन औषधं नेमकं तेच एन्झाइम अडवतात. दुसरे पर्याय आहेत. व्हेन्लाफॅक्सिनने तर अंगातून निघणाऱ्या गरम वाफाही काहींच्या कमी होतात. घाम येऊन रात्री दोनला जाग येत असेल तर ती निम्मी भीतीची आणि निम्मी गोळीची असू शकते. हेही डॉक्टरांना विचारा.

रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटायला लागलं तर हा नंबर लावायला सकाळ होऊ देऊ नका.

---

वऱ्हाडी_ठेचा
१४ ऑगस्ट, सकाळी ९.३५

अर्धी भीतीची, अर्धी गोळीची. डॉक्टर, माझ्या थायरॉईडसारखंच की.

---

संपादक
१४ ऑगस्ट, सकाळी ११.१०

सकारात्मक_सूर्य यांच्या प्रतिसादातलं गोळीविषयीचं वाक्य आणि व्यनिचं आमंत्रण काढलं आहे.

---

टेम्सकाठी
१४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.२५

मी मूळची दादरची, एकवीस वर्षं लंडनजवळ. मोठ्या आतड्याचा, तिसरी स्टेज, ऑपरेशन आणि सहा महिने केमो. बोटांना अजून मुंग्या येतात, ब्लाउजचे हुक नवरा लावतो.

इथे सोयी चांगल्या आहेत, नाही म्हणणार नाही. मॅकमिलन या कॅन्सर रुग्णांसाठीच्या संस्थेची नर्स फोन करते. मॅगीज सेंटर नावाची घरासारखी जागा असते, जाऊन नुसता चहा पीत बसता येतं. समुपदेशनही मिळालं. पण सगळं इंग्रजीत. आणि माझं रडणं मराठीत आहे, त्याला काय करू?

एकदा समुपदेशक बाईंनी विचारलं, स्कॅनच्या आदल्या दिवशी नेमकं काय होतं? मी आपलं मनातलं शब्दाला शब्द सांगून टाकलं, की पोटात गोळा येतो. बाईंचा चेहरा पांढरा. आतड्याच्या कॅन्सरची बाई सांगतेय पोटात गोळा आहे! त्यांनी पेन ठेवलं, नर्सला फोन लावला, त्याच दुपारी माझं पोट तपासलं. तपासणारा डॉक्टर निघाला तमिळ. त्याला समजावलं, तेव्हा तो खो खो हसला. म्हणाला, आमच्याकडे पोटात चिंच विरघळते.

तेव्हापासून ठाण्याच्या एका समुपदेशक बाईंशी महिन्यातून दोनदा व्हिडिओवर बोलते. 'धाकधूक' म्हटलं की तिला धाकधूकच कळते.

---

निवडुंग
१४ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४०

पोटात चिंच! वाचनखूण साठवली.

---

मीठभाकर
१५ ऑगस्ट, सकाळी १०.३०

रात्री लिहितो म्हणालो होतो, दोन रात्री गेल्या.

अबोलीताई, 'आता विसर' हे वाक्य मीही म्हटलंय, किमान पन्नास वेळा. ते बायकोसाठी नव्हतं. ती बोलायला लागली की माझ्या डोळ्यांसमोर आयसीयूच्या बाहेरची हिरवी खुर्ची येते. ती गप्प झाली की खुर्ची जाते. इतका साधा स्वार्थ आहे तो. बायकांना वाटतं नवरा विसरला. मी तिचे हिमोग्लोबिनचे आकडे अजून पाठ म्हणू शकतो.

केमोत डॉक्टर म्हणाले होते, शहाळ्याचं पाणी द्या. मी देत राहिलो. केमो संपल्या, वर्ष गेलं, दोन गेली. रोज कामावरून येताना एक शहाळं. ती रोज प्यायची. तिसऱ्या वर्षी एका रविवारी म्हणाली, "मला हे लहानपणापासून आवडत नाही. तू आणतोस म्हणून पिते." दोघेही काय हसलो. मग ती रडली. मग मी, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी खुर्चीचं सांगितलं.

तुमच्या यांना एकदा विचारून बघा, तुला काय आठवतं? 'मला काय वाटतं' हे नका सांगू. त्यांना विचारा. मी पैजेवर सांगतो, त्यांच्याकडेही एक खुर्ची आहे.

अवांतर: कुणाला उपयोग होईल म्हणून. विमा बदलायच्या फंदात जुनी पॉलिसी बंद पडू देऊ नका. आधीपासूनच्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने केलाय, पूर्वी ४८ होता, पण नवी पॉलिसी कंपनीने द्यायला तर हवी. आणि रेल्वेची कॅन्सरची सवलत तपासणीसाठी जातानाही मिळते, फक्त उपचारांपुरती नाही. आम्हाला हे तीन वर्षांनी कळलं.

---

चिनूची_आई
१५ ऑगस्ट, दुपारी १२.५०

रेल्वेचं माहीत नव्हतं, धन्यवाद. मुलांच्या बाबतीत कुणी असेल तर सांगते. टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठी एसीटी म्हणून वेगळी ओपीडी आहे. तिथे कॅन्सर परत आलाय का एवढंच बघत नाहीत, औषधांचा हृदयावर, उंचीवर, अभ्यासावर काय परिणाम झाला तेही बघतात. आणि इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' नावाचा गट आहे, लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्या, आता मोठ्या झालेल्या मुलांचा. माझा जात नाही. म्हणतो, मला त्या नावाने कुणी ओळखायला नको. कॉलेजच्या फॉर्मवर पूर्वीच्या आजाराच्या रकान्यात त्याने 'नाही' लिहिलं. मी काही बोलले नाही. चुकलं का माझं?

---

मनकवडा
१५ ऑगस्ट, दुपारी २.१५

सोळाव्या वर्षी तो रकाना त्याचा आहे. डॉक्टरांपुढे मात्र 'नाही' लिहायचं नाही, एवढं एकदा सांगून ठेवा. पुढे भूल, हृदयाची तपासणी, सगळ्याला ती माहिती लागते. उपचारांचा एक पानी गोषवारा त्याच्याच फोनमध्ये राहू द्या.

---

कुसुम_आजी
१६ ऑगस्ट, पहाटे ५.२०

नातवाने टंकायला शिकवलं आहे, चुका असतील. वय ७४. माझं ऑपरेशन १९९८ चं. तेव्हा डावी बाजू पूर्ण काढली. घरात कॅन्सर हा शब्द उच्चारायची पद्धत नव्हती, 'बाईंचं ते दुखणं' म्हणायचे. हे गेल्यावर मी एकटीनेच नाव घेतलं.

अबोली, किती दिवस चालतं विचारलंस. पहिली दोन वर्षं रोज. मग सणासुदीला. आता वर्षातून दोन-चार वेळा येते भीती, पाहुण्यासारखी. ओळखीची झाली आहे. चहा पण पाजत नाही मी तिला.

तुला एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा ब्राच्या आत घालायचे ते तयार तुकडे आमच्या गावात कुठले. कापूस भरला तर हलका, वर सरकायचा, एक खांदा वर एक खाली. मग मी मोहरी भरली. मलमलची पिशवी शिवली, तिला आकार दिला, आत मोहरी. वजन बरोबर, हालचाल बरोबर. देवळात, बाजारात कुणाला कळलं नाही. तीन वर्षं मोहरीवर काढली.

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं शेजारी. खाली वाकून वाण घेतलं आणि शिवण उसवली. आधी दोन दाणे पडले. मग चार. मग सर्रकन सगळी मोहरी फरशीवर. पंधरा बायका. कुणाला कळेना कुठून आली. शेजारणीची सासू म्हणाली, अगंबाई, कुणी मोहरी उतरवली माझ्या घरात? दृष्ट काढतात तशी! आणि मी तिथेच फतकल मारून बसले आणि हसत सुटले. आजारानंतरचं पहिलं हसू ते. हसता हसता सांगून टाकलं काय झालं ते. पंधरातल्या दोघी मागाहून आपल्या आपण घरी आल्या. एकीला गाठ होती आणि दाखवायची लाज वाटत होती.

लोणचं नाही घातलंस ते राहू दे. लिंबाचं थोडंसं घाल. महिन्याभराचं.

---

अबोली_सातारा
१६ ऑगस्ट, सकाळी ७.०५

आजी, बँकेत जायच्या आधी वाचलं. कुंकू पुसलं जाईपर्यंत हसले आणि मग रडूही आलंच. सासूबाई विचारत होत्या काय झालं. त्यांना वाचून दाखवलं. मोहरीपर्यंतच. त्यांनी विचारलं, तू काय भरतेस? दीड वर्षात पहिल्यांदा विचारलं.

---

सकारात्मक_सूर्य
१६ ऑगस्ट, सकाळी ११.४५

माझा हेतू वाईट नव्हता. माझी आई २०१९ मध्ये गेली. ती शेवटपर्यंत म्हणत होती, मी पुरेशी पॉझिटिव्ह राहिले नाही. मी तिला तेच सांगत होतो. वरचं सगळं वाचल्यावर लिहावंसं वाटलं.

---

वऱ्हाडी_ठेचा
१६ ऑगस्ट, दुपारी १२.१०

सूर्यभाऊ, बसा इथंच.

---

अबोली_सातारा
९ सप्टेंबर, रात्री १०.१५

धागा वर काढतेय. गेल्या आठवड्यात पुण्याला फॉलोअप झाला. तिन्ही कागद समोर ठेवले, हात कापत होते. डॉक्टरांनी पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारलं, झोप कशी आहे? तिथेच रडले. मार्कर बंद करायला सांगितलंय. गरम वाफांसाठी आणि झोपेसाठी त्यांच्याच इथल्या मानसोपचाराच्या बाईंकडे पाठवलं. त्यांनी एक युक्ती दिली: रोज संध्याकाळी सहा ते सव्वासहा काळजी करायची. वही घेऊन, ठरवून. दोन वाजता आली की तिला सांगायचं, सहाला ये. पहिले चार दिवस अजिबात जमलं नाही. पाचव्या दिवशी सहा वाजता वही उघडली आणि आठवेचना काय काळजी होती. म्हणून काळजी वाटली. असो, रोज काही जमत नाही. काल रात्री पुन्हा तीनपर्यंत जागी होते.

परत येताना गाडीत यांना विचारलं, तुला काय आठवतं? कात्रजचा बोगदा गेला, खेड शिवापूरचा टोलनाका गेला, काही बोलले नाहीत. खंबाटकीच्या घाटात म्हणाले, "तुझी टिकली." ऑपरेशनला नेताना सिस्टरने माझी टिकली काढून यांच्या हातावर चिकटवली होती. पाच तास ती हातावर होती म्हणे. अजून पाकिटात आहे. दाखवली.

आज लॅबच्या मुलाचा फोन आला. "मॅडम, महिना झाला, सॅम्पलला येऊ का?" म्हटलं, या महिन्यात नको. तो म्हणाला, मग पुढच्या? म्हटलं, मीच फोन करीन. नंबर अजून काढून टाकलेला नाही. खोटं कशाला सांगू.

लिंबाचं घातलं. पाव किलोचं.

---

मीठभाकर
९ सप्टेंबर, रात्री १०.४०

टिकली. बायकोला वाचून दाखवतोय.

---

टेम्सकाठी
९ सप्टेंबर, रात्री ११.०५

कुसुम आजी, एक विचारायचं होतं. इथे आमच्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीचं ऑपरेशन झालंय. सिलिकॉनचं मिळालं आहे, पण उन्हाळ्यात घाम येऊन तिला पुरळ उठतं. तुमची ती मोहरीची पिशवी कशी शिवायची सांगाल का?

---

कुसुम_आजी
१० सप्टेंबर, पहाटे ५.१०

आधी म्हणावं, टाके पूर्ण भरू देत आणि डॉक्टरांना विचारून घे. मग मोहरी बारीक घे, मोठी टोचते. आदल्या दिवशी उन्हात वाळव, नाहीतर ओल धरते. तिकडे ऊन नसेल तर कढईत नुसती कोमट कर, तडतडू देऊ नकोस. मलमल दुहेरी, धुतलेली जुनी असेल तर उत्तम. दुसऱ्या बाजूच्या मापाने आकार काप, वरचं टोक काखेकडे निमुळतं ठेव. पूर्ण भरायची नाही, बोटभर जागा सोडायची म्हणजे बाईबरोबर हलते. दर पंधरवड्याला मोहरी काढून पिशवी धुवायची. आणि शिवण दोनदा घाल, उलटसुलट. माझी एकदाच घातली होती.